अंगठ्याजवळचं हाड: शेव्हरॉन की लॅपिडस?

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलून त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं (याला बनियन म्हणतात), म्हणून नाशिकमध्ये दोन अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवला आणि एकाने शेव्हरॉन नावाचं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्याने लॅपिडस नावाचं, तर लगेच कुणाला चुकीचं ठरवू नका. आधी एक्स-रे बघा. तो उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला असेल तर पुन्हा काढा, कारण पंजा खरा किती फाकतो ते अंगाचा भार पडल्यावरच कळतं.

त्यावर डॉक्टर रेघा मारून मुख्यतः दोन कोन मोजतात. एक अंगठ्याचा कल, तो साधारण १५ अंशांच्या आत हवा. दुसरा पंजातल्या पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधली फाक, ती ९ च्या आत. माझ्या मते निर्णय या दुसऱ्या आकड्यावर जास्त अवलंबून असतो, आणि घरचे मात्र अंगठाच बघत बसतात.

अंगठ्याला शेजारच्या बोटाकडे खेचणारा स्नायू आणि सांध्याचं आवरण सैल केलं की कल कमी होतो, फाक जेमतेम हलते. एकिन नावाच्या ऑपरेशनमध्ये अंगठ्याच्याच हाडातून छोटी पाचर काढतात. अंगठा सरळ दिसतो, पण फाक होती तेवढीच राहते. म्हणून मोठी फाक असताना फक्त एवढंच सुचवलं असेल, तर नीट विचारा.

शेव्हरॉनमध्ये पहिल्या लांब हाडाच्या पुढच्या टोकाशी ‘व्ही’सारखा छेद घेऊन ते टोक दुसऱ्या बोटाकडे काही मिलिमीटर सरकवतात. फाक कमी होते, पण हाडाची रुंदीच मर्यादित, त्यामुळे सरकवायला मर्यादा येते. सौम्य-मध्यम वाकडेपणाला हे चांगलं, आणि खास बूट घालून टाचेवर बहुधा लवकर चालता येतं.

लॅपिडस थेट मुळाशी जातं. पहिल्या लांब हाडाच्या मागच्या टोकाचा, पंजाच्या मध्याजवळचा सांधा खरवडून, हाड सरळ करून, प्लेट-स्क्रूने तो कायमचा जोडतात. फाक १६ च्या पुढे असेल किंवा तो सांधा ढिला असेल, तर मी याच बाजूचा. हाडाला पडलेला पीळही यात काढता येतो. मात्र पायावर भार टाकायला बहुधा काही आठवडे थांबावं लागतं, आणि सांधा न जुळण्याची जोखीम असते. तंबाखू किंवा मशेरी चालू असेल तर ती वाढते. ही सवय डॉक्टरांपासून लपवू नका.

ऑपरेशन टेबलावर सी-आर्ममध्ये (तिथल्या एक्स-रे यंत्रात) पाय भाराविना दिसतो, म्हणून काही सर्जन तळव्याला सपाट पाटी दाबून तपासतात. तरीही तिथला आकडा उभ्या पायापेक्षा चांगला दिसू शकतो. हाड जुळल्यावर उभ्याने एक्स-रे काढून तोच जुन्याशी ताडून बघा.

दुखत नसेल तर नुसत्या दिसण्यासाठी यात पडू नका. आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असेल, तर छाटणी-काढणीचे दिवस टाळून तारीख घ्या. सूज महिनोन्महिने रेंगाळते, अन् बांधावरून चालणं लवकर जमत नाही.