उघड धमकी की सूचक इशारा?

उघड धमकीत अट आणि परिणाम दोन्ही स्पष्ट असतात. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रं आणल्यावर 22 ऑक्टोबर 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी जाहीर केलं की, क्यूबातून पश्चिम गोलार्धातल्या कोणत्याही देशावर अण्वस्त्र डागलं गेलं, तर तो सोव्हिएत संघानेच अमेरिकेवर केलेला हल्ला मानला जाईल आणि पूर्ण ताकदीने प्रत्युत्तर मिळेल. समोरच्याला गैरसमजाला जागाच नाही. पण बोलणाराही त्यात अडकतो. ओबामांनी 2012 मध्ये सीरियातल्या रासायनिक अस्त्रांबाबत ‘लाल रेषा’, म्हणजे ओलांडू नये अशी मर्यादा, आखली. 2013 मध्ये दमास्कसजवळच्या घौटात सरीन हा विषारी वायू वापरला गेला, तरी अमेरिकेने हल्ला केला नाही. रशियाच्या मध्यस्थीने अस्त्रं नष्ट करण्याचा करार झाला. करार वाईट नव्हता, पण टीकाकार आजही ती रेषाच उगाळतात.

‘सर्व पर्याय खुले आहेत’, ‘परिणामांची जबाबदारी तुमची’ ही दुसरी तऱ्हा. इथे कर्ताच गायब! परिणाम जणू आपोआप होणार. माघार घेणं सोपं, शिवाय ‘आम्ही धमकी दिलीच नाही’ म्हणायची सोय. देशांमधल्या वाटाघाटींत मला हीच बरी वाटते. मात्र सत्ताधारी पत्रकाराला ‘जरा जपून’ म्हणतो, तेव्हा तीच सोय घातक ठरते: घाबरणारा घाबरतो, आणि तक्रारीला पुरावा उरत नाही.