पोलो जीटीचे ब्रेक: आधी ब्रेक ऑइल, पॅड की थेट मोठी डिस्क?

फोक्सवॅगनची चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे तिचं टर्बो पेट्रोल मॉडेल, जीटी टीएसआय, आहे ते ती विकायला तयार नाहीत. इंजिन रीमॅप करून (म्हणजे त्याच्या संगणकाच्या सेटिंग बदलून ताकद वाढवून) झालं की पुढचा प्रश्न ब्रेकचा येतो. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला पॅड दाबून धरतात), मागे ड्रम, एवढ्यावर भागेल की मोठ्या डिस्कचं किट बसवावं? मी लिहितोय ते रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि महिन्यातून एकदा घाट बघणाऱ्या गाडीसाठी. ट्रॅकवर नेणाऱ्यांचं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट तपासा. मोकळा, कोरडा, सपाट रस्ता आणि मागे कोणी नाही असं बघून ताशी ६० ला ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली एबीएसची (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवली, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीला पुरून उरतेय. त्यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी गाडी तेवढ्याच अंतरात थांबणार, कारण रस्ता धरून ठेवतो तो टायर. टायर कडक झाले असतील तर ब्रेकसाठी ठेवलेले पैसे आधी तिकडे वळवा.

मग घाटात ब्रेक दगा का देतात? उष्णतेमुळे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आपण सुमारे १२०० मीटर खाली येतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी एवढ्या उतारात जी ऊर्जा सोडते, ती ताशी १०० वरून तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. त्यातली काही हवा आणि टायर खातात. गिअर खाली ठेवला तर बरीच इंजिन खातं. उरलेली सगळी पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते.

याच घाटात मी एकदा माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘डी’लाच ठेवून उतरत होतो. अर्ध्या वाटेत नाकाला झोंबणारा जळका वास आला. पुढच्या वळणाला, रोज दोन बोटं खाली जाऊन घट्ट धरणारं पेडल मऊ होत निम्म्याच्या खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागले. गाडी कडेला घेतली आणि चाकं निवेपर्यंत तिथेच बसून राहिलो. नंतर गॅरेजमध्ये ब्लीडिंग करताना, म्हणजे नळ्यांतलं ऑइल आणि हवा काढताना, जुनं ऑइल निघालं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. चार वर्षं मी ते बदललंच नव्हतं. पॅड मात्र निम्म्याहून जाड शिल्लक होते.

निर्णय घेताना हाच फरक ओळखायचा. पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळतंय. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झालेत.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४, डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या श्रेणी. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. आपल्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी ऑइल बदललंच पाहिजे, आणि खर्चाच्या मानाने इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. फक्त डॉट ५ घेऊ नका. नाव जवळचं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही.

पॅडमध्ये रोजच्या गाडीला चांगल्या दर्जाचे, रस्त्यासाठीचे परफॉर्मन्स पॅड घ्या. काळी धूळ आणि थोडी किरकिर वाढेल, ती चालवून घ्या. रेसिंगचे पॅड मात्र अजिबात नकोत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर कोणी आडवं आलं तर ते थंडच असणार. स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) बसवले की पेडल जास्त टणक लागतं, थांबण्याचं अंतर कमी होत नाही. जुने रबरी होज बदलायची वेळ आलीच असेल तर बसवा.

आता मोठं किट. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते, हा तिचा खरा फायदा. पण रिम मोठी लागू शकते, स्टेपनी बसेलच असं नाही, चाकाचं वजन वाढतं आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचं माप चुकलं तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. रीमॅप करून सतत वेगात चालवणार असाल तरच मी याचा विचार करेन. भोकं पाडलेल्या डिस्कच्या वाटेला जाऊ नका, वारंवार तापून त्या भोकांपाशी चिरतात.

मागचे ड्रम काढून डिस्क बसवणं मला पटत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढे येतं आणि बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. हँडब्रेकची जोडणी बदला, एबीएसचा मेळ बघा, एवढा खटाटोप करून हाती फार काही लागत नाही. लायनर (ड्रमला आतून घासणारे पॅडसारखे भाग) साफ करून ड्रम ॲडजस्ट करून घ्या, पेडलचा ढिलेपणा बराच जातो.

मी डॉट ५.१ भरलं, पॅड बदलले आणि तोच घाट पुन्हा उतरलो, या वेळी मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. पोलादपूर येईपर्यंत पेडल दोन बोटांवरच धरत होतं. डिस्क आणि कॅलिपर कंपनीचेच होते.