'बेटर कॉल सॉल'चा शेवटचा सीझन : आधी अंदाज बांधत पाहिला, आता शेवट माहीत असताना पुन्हा पाहिला

आधीच सांगतो, पुढे सगळं उघड लिहिलंय. ज्यांचा सहावा सीझन पाहायचा राहिलाय त्यांनी तो आधी पाहून घ्यावा आणि मगच हे वाचावं.

ही मालिका म्हणजे 'ब्रेकिंग बॅड' या अमली पदार्थांच्या धंद्यावरच्या मालिकेतल्या सॉल गुडमन या वकिलाची आधीची गोष्ट; तेव्हा त्याचं नाव जिमी मॅकगिल. ती १५ ऑगस्ट २०२२ ला संपली. तेव्हा दर मंगळवारी नेटफ्लिक्सवर नवा भाग यायचा आणि आमच्या मित्रांच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत त्याची चिरफाड चालायची. आता गेले काही महिने मोठ्या बहिणीबरोबर अगदी पहिल्या सीझनपासून सगळी मालिका पुन्हा पाहतोय. ताई वकील आहे, दिवाणी कामं करते. तिने 'ब्रेकिंग बॅड' पाहिली होती, ही मात्र नाही, आणि चाहत्यांच्या थिअऱ्या तर तिच्या कानावरही आलेल्या नव्हत्या. त्यामुळे जो सीझन मी शंभर अंदाज डोक्यात घेऊन पाहिला होता, तोच सीझन कोऱ्या पाटीने पाहणाऱ्या माणसाशेजारी बसून पाहायला मिळाला. हा अनुभव त्या दोन्ही खेपांचा मिळून आहे.

प्रीक्वेलचा, म्हणजे आधीची गोष्ट नंतर सांगणाऱ्या मालिकेचा, मूळ प्रश्न असा की शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. २००८ ते २०१३ या काळात 'ब्रेकिंग बॅड' येऊन गेली. त्यात सॉल गुडमन होता, अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस फ्रिंग होता, त्याचा माणूस माइक होता. म्हणजे त्यांच्या जिवाला इथे धोका नाही. मग चाहत्यांनी केलं काय, तर यादी. जे 'ब्रेकिंग बॅड'मध्ये दिसले नाहीत त्यांची यादी: जिमीची वकील बायको किम वेक्सलर, ड्रग टोळीतले नाचो वार्गा आणि लालो सालामांका, वकील हॉवर्ड हॅमलिन. पाचवा सीझन एप्रिल २०२० मध्ये संपला आणि सहावा १८ एप्रिल २०२२ ला सुरू झाला. मधली दोन वर्षं, त्यातही कोरोनाची, लोकांनी या चार नावांवर काढली. बहुतेकांचा हिशेब सरळ होता: जो पुढे दिसत नाही, तो मेलेला असणार.

या हिशेबाला एक जुना आधारही होता. 'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या सीझनमध्ये त्या मालिकेचे नायक वॉल्टर आणि जेसी तोंडं झाकून सॉलला वाळवंटात नेतात, तेव्हा घाबरलेला सॉल ओरडतो की मी नाही, इग्नासिओने (म्हणजे नाचोने) केलं. आणि विचारतो, तुम्हाला लालोने पाठवलं नाही ना? २००९ मध्ये आलेलं हे एक वाक्य. तेव्हा या दोन नावांमागे काहीच नव्हतं. पुढे लेखकांनी त्याच दोन नावांवर दोन अख्खी माणसं उभी केली आणि चाहते त्या वाक्यातला शब्द न् शब्द पिंजत बसले. सॉल अजून लालोला घाबरतो, म्हणजे लालो तेव्हा जिवंत असणार, असं म्हणणारे खूप होते. सहाव्या सीझनने याचं दिलेलं उत्तर मला फार आवडलं. लालो आठव्या भागात गसच्या हातून मरतो आणि बांधकाम चालू असलेल्या भुयारी ड्रग लॅबच्या जमिनीत पुरला जातो, पण जिमीला त्याचं प्रेत कधीच दिसत नाही. शिवाय 'तो उद्या मेलेला असेल' असं एकदा सांगितलं गेल्यावर हाच लालो त्याच्या घरात जिवंत येऊन उभा राहिलेला. अशा माणसाला आयुष्यभर पाठीमागे लालो दिसणारच. पुरावा म्हणून धरलेलं वाक्य भीतीचं निघालं.

सगळ्यात जास्त अंदाज उडाले ते मधल्या सात आठवड्यांत. सातवा भाग २३ मेला आला आणि आठवा थेट ११ जुलैला. सातव्याचा शेवट आठवतोय? हॉवर्ड दारूची बाटली घेऊन जिमी आणि किमच्या घरी येतो. त्या दोघांनी मिळून त्याची अब्रू धुळीला मिळवलीय, आणि तो त्यांना इतकंच विचारतोय की का. तेवढ्यात टेबलावरच्या मेणबत्तीची ज्योत जराशी हलते. बस. दार उघडल्याचं आपल्याला त्या ज्योतीवरून कळतं. मग लालो आत येतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत हॉवर्डच्या डोक्यात गोळी. पहिल्यांदा पाहताना मी ज्योत पाहिलीच नव्हती, लालोच दिसला. या वेळी ज्योत हलली तशी ताईने माझा दंड धरला आणि म्हणाली, "अरे, कोणीतरी आलंय." तिला कोण ते ठाऊक नव्हतं. चांगलं दिग्दर्शन म्हणजे काय, हे मला त्या क्षणी पुन्हा कळलं.

खरी गोष्ट किमची आहे. आमच्या ग्रुपवर किम मरणार की नाही यावर दोन तट होते. मरणार म्हणणाऱ्यांकडे यादी होती. जगणार म्हणणारे सांगायचे की ती नेब्रास्काची, आणि जिमी पुढे 'जीन' नावाने लपतो तो नेब्रास्कातल्या ओमाहातच, म्हणजे दोघं तिथेच भेटणार. काहींचं म्हणणं, ती 'ब्रेकिंग बॅड'च्या सगळ्या काळात सॉलच्या घरीच होती, फक्त आपल्याला दिसली नाही. हे सगळे तर्क हुशार होते. पण ते नकाशावरून आणि तारखांवरून केलेले होते, किमकडे बघून नव्हे.

ताईकडे नकाशा नव्हता. पाचव्या सीझनचा शेवट पाहिला, जिथे किम हॉवर्डला बरबाद करायचा बेत मांडते आणि जाता जाता दोन्ही हातांची पिस्तुलं करून जिमीवर रोखते. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही मरायची नाही रे. ही एक दिवस स्वतःलाच घाबरून उठून जाईल." नवव्या भागात नेमकं तेच होतं. हॉवर्डच्या शोकसभेनंतर किम वकिलीची सनद परत करते, बॅगा भरते. लालो जिवंत आहे हे तिला आधीच कळलं होतं, आणि तिने ते जिमीला सांगितलं नव्हतं. का, तर सांगितलं असतं तर मजा थांबली असती. हे ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते. प्रेम दोघांचंही आहे, आणि म्हणूनच ती जाते, कारण दोघं एकत्र आले की आजूबाजूच्या माणसांचं वाटोळं होतं. कुठल्याही यादीतून हा शेवट निघाला नसता. सात वर्षं त्या बाईकडे नीट पाहिलं असेल तरच निघतो.

या पाहण्याला किमचं काम करणाऱ्या रिया सीहॉर्नने जे दिलंय त्याबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. एमी पुरस्काराचं पहिलं नामांकन तिला मिळायला २०२२ उजाडलं, याचं मला अजून वाईट वाटतं. बाराव्या भागात ती हॉवर्डच्या बायकोला सगळं खरं लिहून देते आणि विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसते. आधी चेहऱ्यावर काही नाही. मग ओठ हलतो, मग ती कोसळते, हमसून हमसून रडते, आणि शेजारची एक अनोळखी बाई तिच्यावर हात ठेवते. संवाद एकही नाही. हा प्रसंग मी दोन्ही वेळा तितक्याच अस्वस्थपणे पाहिला.

चाहत्यांच्या थिअऱ्यांना मी नावं ठेवतोय असं कृपा करून समजू नका. त्यांच्यामुळेच मी बारकाईने पाहायला शिकलो. दुसऱ्या सीझनच्या दहा भागांच्या नावांची पहिली अक्षरं वेगळ्या क्रमाने लावली की 'फ्रिंग्ज बॅक' असं तयार होतं, हे कुणा चाहत्यानेच शोधलं, आणि तिसऱ्या सीझनमध्ये गस खरोखर आला. सहाव्या सीझनमध्ये पहिल्या नऊही भागांची नावं जोडीची आहेत: 'वाइन अँड रोझेस', 'हिट अँड रन', 'प्लॅन अँड एक्झिक्यूशन' अशी. नवव्यात किम निघून जाते, आणि दहाव्याचं नाव एकटंच: 'निप्पी'. जोडी मोडली तशी नावंही मोडली. आमच्या ग्रुपवर हे एकाने दाखवून दिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि ते बाटलीचं बूच. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात जिमी आणि किम मिळून एका श्रीमंत गिऱ्हाइकाला गंडवतात आणि त्याच्या पैशाने महागडी टकीला पितात. तिचं निळं बूच किम जपून ठेवते. नोकरी सोडतानाही ऑफिसातून बाकी सगळं मागे टाकते, पण बूच घ्यायला परत फिरते. सहाव्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात सॉलचा तो झगमगाटी बंगला सरकारी माणसं रिकामा करताहेत: रंगीबेरंगी टाय, सोन्यासारखं चकाकणारं कमोड, कपाटंच्या कपाटं. फर्निचर ट्रकमध्ये चढवताना एका खणातून तेच बूच रस्त्याकडेला पडतं. कोणी बघत नाही. २०२२ मध्ये या दृश्यावर आम्ही आठवडाभर भांडलो होतो, की म्हणजे किम त्या घरात राहत होती का? आता पाहताना कळतं की ती नव्हती, बूच होतं. 'ब्रेकिंग बॅड'मधला तो बडबड्या, थिल्लर सॉल इतकी वर्षं हे खणात ठेवून जगत होता. त्यानंतर मी 'ब्रेकिंग बॅड'चे काही भाग पुन्हा लावले, आणि त्यातला सॉल मला पूर्वीसारखा नुसता विनोदी दिसेनाच. प्रीक्वेलने मूळ मालिकेला इतकं बदलावं, हे माझ्या पाहण्यात दुसरीकडे कुठे नाही.

आता खटकलेलं. गस आणि माइकचा भाग दुसऱ्या खेपेला लांबतो. गस घरात दबा धरून बसलाय, माणसं पहारा देताहेत, हे दोनदा दाखवून भागलं असतं. वॉल्टर आणि जेसी येतात तिथे वय लपत नाही. ब्रायन क्रॅन्स्टन आणि अ‍ॅरन पॉल अप्रतिमच आहेत, पण गोष्ट मागच्या काळातली आणि चेहरे पुढच्या काळातले, हे डोळ्यांना जाणवत राहतं. पहिल्यांदा पाहताना त्यांच्या आगमनाचीच इतकी उत्सुकता होती की हे लक्षात आलं नव्हतं. ताईला मात्र पटकन टोचलं.

उलट, तेव्हा लोकांनी ज्याला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या तो 'निप्पी' आता फार आवडला. मालिकेचे चार भाग उरलेत, आणि हे पूर्ण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एका डिपार्टमेंट स्टोअरमधली चोरी दाखवत बसले, अशी तक्रार होती. तेव्हा प्रत्येकाला उत्तर हवं होतं, म्हणून एक भाग हातचा गेल्यासारखा वाटला. घाई नसताना पाहिला की दिसतं, बनवाबनवीची नशा जीनला पुन्हा कशी चढते. जीन काम करतो त्या सिनॅबॉन बेकरीचा रोल खात गप्पा मारणारा सिक्युरिटी गार्ड, तेवढ्या तीन मिनिटांत होणारी चोरी, आणि गार्ड मागे वळून बघायच्या बेतात असताना त्याला थांबवायला जीनने काढलेला रडवेला सूर: माझ्या मागे कोणी नाही, भाऊही गेला. थाप मारता मारता तो खरं बोलून जातो. जिमीचं काम करणाऱ्या बॉब ओडेनकर्कला जुलै २०२१ मध्ये याच सीझनच्या सेटवर हृदयविकाराचा झटका आला होता आणि काही आठवड्यांनी तो कामावर परतला. हे डोक्यात असताना त्याचं हे काम पाहणं मला जड गेलं.

ज्यांना आता सुरुवात करायचीय त्यांना क्रम विचारावासा वाटेल. माझं स्पष्ट मत: 'ब्रेकिंग बॅड' आधी, सगळे ६२ भाग. मग ही, ६३ भाग. काळाच्या क्रमाने ही आधी पाहायचा मोह होतो, पण मग शेवटच्या सीझनमधला जीन कोण, तो कशापासून पळतोय, यातलं अर्ध हातातून निसटतं. पहिले दोन सीझन संथ आहेत, कबूल. चक आणि जिमी या भावांचं नातं तिथेच रुजतं, म्हणून ते उडवू नका. स्पॅनिश संवाद भरपूर आहेत, तेव्हा सबटायटल चालू ठेवा आणि फोन बाजूला ठेवा. जमल्यास कोणाबरोबर तरी पाहा, आणि प्रत्येक भागानंतर पुढे काय होईल ते एकमेकांना सांगा.

आम्ही दोघं तर संपल्यावरही थांबलेलो नाही. जिमीने साडेसात वर्षांवर आणलेली शिक्षा कोर्टात किमसमोर खरं बोलून ८६ वर्षांची करून घेतली. किम त्याला तुरुंगात भेटायला येते ती न्यू मेक्सिकोच्या वकिलीच्या जुन्या कार्डावर, कारण त्यावर मुदतीची तारीखच नाही. तिकडे फ्लोरिडात ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या ऑफिसात पुन्हा फायली हाताळायला लागलीय. ती त्याच्या शिक्षेसाठी काही करेल का? अनेक चाहत्यांना वाटतं, करेल. मलाही वाटतं. ताई म्हणते, ती दर काही महिन्यांनी भेटायला जाईल, पण अपिलाचा कागद लिहिणार नाही, कारण ही शिक्षा त्याने स्वतः मागून घेतलीय आणि किमला ते सगळ्यांत नीट कळतं. मागच्या वेळी ताईच बरोबर होती, तरी मी माझा हेका सोडलेला नाही. चौथ्या सीझनपासून पुन्हा लावलीय, किम अशिलांसाठी कुठवर जाते ते तिला दाखवायला.