आठ व्हिडिओ, एकच संध्याकाळ

ठाण्यात मुलांना एअर पिस्तूल शिकवायला घालणार असाल तर आधी हे वाचा. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात चालणाऱ्या अकादमीने माझ्याकडून 22,000 रुपये घेतले. हे क्लासचे पैसे नव्हेत. क्लासची फी निराळी, महिन्याला 4,500. हे 22,000 क्लासचं शूटिंग करण्याचे. म्हणजे शूटिंगचं शूटिंग. हा विनोद तिथल्या सरांनीच पहिल्या दिवशी केला होता आणि मी हसलेही होते.

2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीची तीन ब्राँझपदकं आली. दोन मनू भाकरमुळे (त्यातलं एक मिश्र सांघिक) आणि एक आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं. लेक तेव्हा सातवीत होती. मनूला बघून तिने स्केलपट्टी धरून गॅलरीत उभं राहायला सुरुवात केली. वर्षभर हट्ट टिकला, तेव्हा म्हटलं घालूया. एअर पिस्तूल 20 जूलच्या आतल्या ताकदीचं आणि 0.177 इंच नळीचं असेल तर त्याला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे माझी भीती जरा कमी झाली होती. याची दुसरी बाजू नंतर लक्षात आली. चार पिस्तुलं, दहा मीटरचा गाळा आणि भिंतीवर मोठा फ्लेक्स, एवढ्यावर अकादमीची पाटी लागते.

सरांचं म्हणणं असं: आठ आठवडे, दर आठवड्याला एक सेशन दोन कॅमेऱ्यांनी टिपणार, स्लो मोशन करणार, त्यावर स्वतः सर बोलणार आणि लेखी रिपोर्ट देणार. "मॅडम, डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं. बाहेरदेशी याच्याशिवाय कोणी शिकवतच नाही." शिवाय तिसऱ्या महिन्यात पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंचाचं पिस्तूल, हातात देऊ म्हणाले. ते खरं अग्निशस्त्र, परवान्याचा मामला. तो परवाना कुणाचा आणि कुठल्या रेंजवर, हे मी विचारायला हवं होतं. बँकेच्या काउंटरवर दिवसभर लोकांच्या सह्या पडताळणारी बाई मी, आणि इथे पावतीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर "रिसीव्ड, थँक्यू" एवढीच घेतली.

पालकांना आत प्रवेश नव्हता. सेफ्टी. कारण पटण्यासारखंच होतं, त्यामुळे आम्ही चार-पाच आया जिन्याखाली प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायचो. शेजारच्या गाळ्यात छपाईचं काम चाले, शाईच्या वासाने डोकं उठायचं.

दर रविवारी रात्री ड्राइव्हची लिंक यायची. पहिला व्हिडिओ मी पाहिला, तीन मिनिटं, कौतुकाने. बाकीचे सात पाहिलेच नाहीत. हे कबूल करायलाच हवं, कारण त्यांचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा होता. फाइल आली की पैसे वसूल झाले असं आपल्याला वाटतं. उघडून बघायला वेळ कुणाला असतो?

गेल्या गणपतीत गौरीच्या जेवणाला डोंबिवलीहून भाऊ-भावजय आले होते. दुपारी पानं उठल्यावर भाच्याने हट्ट धरला, ताईचे गोळी मारतानाचे व्हिडिओ टीव्हीवर लाव. सगळे एकामागोमाग लावले. तिसऱ्याला भाचा म्हणाला, "आत्या, ते घड्याळ बघ ना."

लेकीच्या मागे भिंतीवर एक घड्याळ होतं, पिवळ्या चेहऱ्याचं, कुठल्या तरी पाइप कंपनीचं फुकट वाटलेलं. पहिल्या व्हिडिओत पाच वाजून दहा मिनिटं. दुसऱ्यात पाच सोळा. तिसऱ्यात पाच बावीस. आठव्यात सहाला दोन मिनिटं कमी. आठही व्हिडिओंत तीच निळी फुलपाखराची क्लिप, तोच टी-शर्ट, अंगठ्याला तीच बँडएड. दोन महिने माझ्या मुलीच्या अंगठ्याची जखम भरलीच नव्हती म्हणायची.

मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "सरांनी एकदाच तर काढलं होतं. मला वाटलं तुला माहितीये."

मग रिपोर्ट उघडले. पहिल्यात लिहिलं होतं, दोन्ही हातांची पकड सारखी घट्ट ठेवा. तिसऱ्यात, होल्स्टरमधून पिस्तूल काढताना कोपर बाहेर जातं. पाचव्यात गोळ्यांचं मॅगझिन बदलताना नजर खाली जाते म्हणे! लेक हसून हसून लोळली. दहा मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने मारतात. दुसरा हात खिशात नाहीतर कमरेच्या पट्ट्यात. एका वेळी एकच 4.5 मिलिमीटरचा छर्रा भरायचा, नेम धरायचा, मारायचा, पुन्हा भरायचा. होल्स्टरचा आणि या खेळाचा संबंध नाही. स्वसंरक्षणाच्या कुठल्या तरी अमेरिकन हँडगन क्लासचा मजकूर उचलून वर माझ्या मुलीचं नाव घातलं होतं.

इथवर पैशांचं दुःख होतं. पुढची गोष्ट वेगळी आहे.

त्याच संध्याकाळी भावजयीने अकादमीचं इन्स्टाग्राम उघडलं. तिथे एक रील होती. माझी मुलगी हळूच वळते, पिस्तूल उचलते आणि थेट कॅमेऱ्यावर नेम धरते. खाली ढणढण संगीत. कॅमेऱ्यामागे अर्थातच कुणीतरी माणूस उभा होता. पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारा केशरी सेफ्टी फ्लॅग नळीत नाही. या खेळातला पहिला धडा, पिस्तुलाला हात लावायच्याही आधीचा, हा की नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. "सर म्हणाले रिकामं आहे," लेक म्हणाली. जगात रिकाम्या समजलेल्या बंदुकीने किती अपघात झालेत, हे तेरा वर्षांच्या मुलीला कसं कळावं? रीलवर तिला "आमची पदकविजेती" म्हटलं होतं. पदक कुठलं, तर शाळेतल्या लिंबू-चमच्याचंसुद्धा तिच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी "एडिटरची चूक झाली मॅडम". मग "आठ व्हिडिओ ठरले होते, आठ दिले". मग, रील काढून टाकायची तर आमचा प्रमोशनचा खर्च भरा. चौथ्या फोनला उचललाच नाही.

आता ती दुसरीकडे जाते. तिथे शिकवणाऱ्या सरांना मी हा सगळा प्रकार सांगून सरळ विचारलं, क्लासचं चित्रीकरण करण्यात काही अर्थ आहे का? ते म्हणाले, आहे, पण त्याचे 22,000 होत नाहीत, होतो एक स्टँड. तो मी 700 रुपयांना घेतला. त्यावर माझाच फोन, सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन. जिथे उभं राहून मारतात त्या फायरिंग लाइनच्या मागेच ठेवायचा, लाइनच्या पुढे काहीही जात नाही, फोनसुद्धा. मागून घेतलं की शरीर झुलतं ते दिसतं. बाजूने घेतलं की मनगट दिसतं, आणि गोळी सुटायच्या आधीच डोळा मिटतो तेही दिसतं. माझी लेक मिटते. तिला ते कितीदा सांगितलं तरी खरं वाटत नव्हतं. स्वतःचा मिटलेला डोळा बघितल्यावर गप्प झाली.

पण एक गोष्ट फोनला कधीच दिसत नाही, ती म्हणजे नेम. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाची माशी आणि मागची खाच एका रेषेत होती की नाही हे फक्त मारणाऱ्याला दिसतं. पिस्तुलावर सेन्सर लावून नेम कुठून कुठे सरकला त्याची रेघ संगणकावर काढणारी यंत्रं असतात, पण तो निराळा खर्च आणि या वयात त्याची घाईही नाही. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, दहा मीटरवर. ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा दाब. तो दाब सावकाश आला की झटक्याने, हे सर तिच्या शेजारी उभे राहून ओळखतात आणि छर्रा कागदावर लागायच्या आत बोलतात. रविवारी रात्री आलेल्या लिंकला ते जमत नाही. मी पैसे मोजले होते ते कुणीतरी माझ्या मुलीकडे नीट बघावं म्हणून. आणि ते आठ व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रथम पाहिले ते माझ्या भाच्याने.

कुणी असं पॅकेज घ्यायला सांगितलं तर आधी दुसऱ्या मुलाचा पूर्ण व्हिडिओ मागा, त्याच्या आई-वडिलांच्या परवानगीने. क्लास चालू असताना काचेमागून तरी बघू देतात का ते विचारा. नीट रेंजवर पालकांना मागे बसायला जागा असते, हे मला आता कळलंय. आणि मुलाचं चित्र जाहिरातीत वापरणार नाही हे कागदावर लिहून घ्या. माझ्याकडे कागद नव्हता, तरी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिथे शुल्क लागलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं "रिसीव्ड", बँकेचं स्टेटमेंट आणि त्या घड्याळाचे आठ स्क्रीनशॉट जोडलेत. आधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता, त्यांनीच काय काय जोडायचं ते सांगितलं.

आयोगाची नोटीस पोचल्यावर आठवड्याने सरांचा मेसेज आला. रील काढून टाकली आहे, 11,000 परत करतो. पण त्याआधी मी आणि लेकीने मिळून एक छोटा व्हिडिओ करून पाठवायचा, "आम्ही समाधानी आहोत" म्हणून. फोन आडवा धरा मॅडम, असंही लिहिलं होतं. मी उत्तर दिलेलं नाही. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.