आंबोली घाटातील धुके आणि पिवळे फॉग लॅम्प

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना पावसाळ्यात आंबोली घाटात इतके दाट धुके उतरते की, हेडलाइटचा अप्पर लावताच समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून मी बंपरच्या खालच्या बाजूला पिवळ्या फॉग लॅम्पची जोडी बसवून घेतली. झोत रुंद आणि सपाट असल्याने डांबराची कड, साइडपट्टीवरचा चिखल आणि कठडा नीट दिसतो, मात्र लांबचे दिसत नाही, त्यामुळे वेग ताशी २०-२५ किलोमीटरच ठेवावा लागतो. बसवणाऱ्याने झोत वर ठेवला होता, तो मी पुन्हा खाली करून घेतला. धुके विरल्यावरही हे दिवे चालू ठेवून समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या चालकांची मला मनापासून चीड येते. रस्ता मोकळा दिसताच मी ते बंद करतो.