एड आणि ऑडिटडी: सर्व्हरवर आठ महिने वापरल्यानंतर

एड, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड इंट्रुजन डिटेक्शन एन्व्हायर्नमेंट, सर्व्हरवरच्या फाइलींतले बदल पकडणारं साधन, बसवायला वेळ लागत नाही, सांभाळायला लागतो. त्याची इनिट कमांड चालवली की फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), परवानग्या, मालक, आयनोड (डिस्कवरचा फाइलीचा क्रमांक) एका नव्या डेटाबेसात जातात. त्याचं नाव बदलून जागेवर ठेवायचं काम आपलं. अपडेट कमांडचंही तसंच, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं: नवा डेटाबेस तयार असतो, पण जागेवर नेलेला नसतो, मग रोज सकाळी तेच जुने बदल अहवालात.

सगळ्यात मोठा त्रास गोंगाटाचा. पॅकेज अपग्रेडच्या दिवशी शेकडो ओळी येतात आणि पंधरवड्यात अहवाल उघडणंच बंद होतं. म्हणून क्रम पाळा: अपग्रेडच्या आधी एडचा चेक (फाइलींची डेटाबेसाशी तुलना), मग पॅकेज अपग्रेड, मग लगेच एडचं अपडेट. आधीचा चेक गाळलात तर घुसखोराने केलेला बदल त्या ढिगात मिसळतो आणि पुढे अधिकृत नोंद होऊन बसतो. लॉग फाइलींचे हॅश तपासू नका, फक्त मालक आणि परवानग्या पुरे. कंटेनरच्या लेयरचं (त्याच्या फाइलींच्या थरांचं) फोल्डर सरळ वगळा.

एडचा एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा) शून्य नसला म्हणजे बिघाड, असं स्क्रिप्टमध्ये धरू नका. नवी फाइल १, काढलेली २, बदललेली ४, आणि यांची बेरीज मिळते. ७ म्हणजे तिन्ही. खऱ्या चुका १४ पासून पुढे.

अहवालात एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) तोच, आकारही तोच, पण सीटाइम (फाइलीची नोंद बदलल्याची वेळ) आणि हॅश बदललेले दिसले की थांबून बघावं. टच कमांडने एमटाइम हवा तितका मागे नेता येतो, सीटाइम नाही. मात्र पॅकेज मॅनेजरही फाइलीला बिल्डच्या वेळचा जुना एमटाइम देतो, त्यामुळे आधी त्या दिवशीचा अपग्रेड लॉग पाहा. तिथे काही नसेल तर मामला गंभीर.

बदल कुणी केला, हे एड सांगत नाही. त्यासाठी ऑडिटडी, म्हणजे कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी लिनक्सची सर्व्हिस. शॅडो (पासवर्डचे हॅश), सुडोअर्स (कुणाला सुडो करता येतं याची यादी), क्रॉन (ठरल्या वेळची कामं) आणि सिस्टमडीची (सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) फोल्डरं, रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) ऑथोराइज्ड कीज (लॉगिनला चालणाऱ्या एसएसएच किल्ल्या) आणि एलडी-एसओ-प्रीलोड (प्रत्येक प्रोग्रामआधी लोड होणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) यांवर लिहिणं व गुणधर्म बदलणं एवढ्याचेच नियम लावा, प्रत्येक नियमाला वेगळी की (ओळखीचं लेबल) द्या, म्हणजे ऑसर्च या शोधाच्या कमांडमध्ये शोधणं सोपं जातं. वाचनाचा नियम लावलात तर लॉग तुंबतो. मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीच्या ५ फाइली असतात, त्या बघता बघता फिरतात आणि हवी ती नोंद पुसली जाते. सुडो करून रूट झालेल्याचाही मूळ लॉगिन ऑडिट यूआयडीत (नोंदीतल्या लॉगिन वापरकर्त्याच्या क्रमांकात) टिकतो, हा याचा खरा फायदा. तिथे 'अनसेट' दिसलं तर बदल लॉगिनमधून नाही, सर्व्हिसमधून आलाय. आपोआप होणारे अपग्रेडही असेच दिसतात, पण क्रॉनच्या फोल्डरात वेब सर्व्हरच्या प्रोसेसने फाइल टाकलेली असेल तर मशीन आधी नेटवर्कवरून काढा.

एडचा डेटाबेस, कॉन्फिगरेशन आणि बायनरी (प्रोग्रामची फाइल) यांची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. रूट मिळालेला माणूस पहिल्यांदा इनिटच पुन्हा चालवेल.