तारली, खडेमीठ आणि हवा ओढणारं मशीन

आधी निकाल सांगून टाकतो. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाणाऱ्याने आमिष साठवायला घरी व्हॅक्यूम सीलर, म्हणजे हवा ओढून पिशवी बंद करणारं मशीन, घ्यावं का? तारली लावत असाल तर घ्या. नुसती कोळंबी आणि माकूल (स्क्विड) लावत असाल तर पैसे वाचवा आणि चांगला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घ्या.

मी रत्नागिरीचा. ऑफिस सुटलं की कधी भाट्याच्या खाडीवर, कधी मांडवीच्या जेटीवर. अडचण अशी की ताजी तारली मिरकरवाड्याला सकाळी मिळते आणि माझा गळ पाण्यात पडतो संध्याकाळी. शिवाय मासळीवाल्या मावशीकडे दहा तारल्या मागितल्या तर ती माझ्याकडे असं बघते की निमूट दोन किलो घेऊन यावं. एकदा म्हणाली, "माशांनाच घालायची ना? मग कालची ने की!" पण कालची चालत नाही. जी तारली पोटाकडे मऊ पडली आहे, ती मिठाने सुधारत नाही आणि मशीनने तर नाहीच. त्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. खडकांवर तेव्हा कुणी शहाण्याने जाऊ नये, पण खाडीत आतल्या बाजूला गळ टाकता येतो, आणि नेमकं तेव्हाच बाजारात आमिष नसतं. म्हणून मे महिन्यात साठा करायचा.

मशीन साधं आहे. हातभर लांब पेटी, झाकणाखाली स्पंजाची पट्टी आणि पिशवी चिकटवणारी तापणारी तार. पिशवीचं तोंड आत ठेवायचं, झाकण दोन्ही कोपऱ्यांवर दाबायचं, की ते घरघरत हवा ओढतं आणि तोंड चिकटवून टाकतं. मला अडीच हजारांच्या आत पडलं. पिशव्या मात्र आतून खरबरीत नक्षी असलेल्याच लागतात. गुळगुळीत प्लॅस्टिक एकमेकांना चिकटतं आणि हवा बाहेर यायला वाटच राहत नाही. तेव्हा मशीन स्वस्त आणि पिशव्या महाग, हा हिशेब घेण्याआधी करून ठेवा.

आता खरी गोष्ट. ओली तारली थेट पिशवीत घालून बटण दाबलं की हवेबरोबर मासळीचं पाणीही वर चढतं. तोंडाशी ओल आली की ते नीट चिकटत नाही, आणि चिकटल्यासारखं दिसलं तरी आठवड्याभरात पिशवी फुगून सैल पडते. माहितीपुस्तकात याबद्दल एक ओळ आहे, तीही चिकनच्या चित्राखाली. यावर उपाय दोन: मासळी आधी ताटात सुटी सुटी मांडून फ्रीजरमध्ये तासभर कडक करून घ्यायची, किंवा मीठ लावून तिचं पाणी आधीच काढून टाकायचं. मी दुसरं करतो, कारण मीठ नसेल तर मशीन फक्त गाळ सुबक बांधून देतं. घरचा फ्रीजर मासळी सावकाश गोठवतो, मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि वितळल्यावर तारली गळावर राहत नाही. पहिल्याच फेकीत मासळी एकीकडे आणि गळ दुसरीकडे.

मीठ खड्याचंच घ्या. बारीक मीठ लगेच विरघळून मासळीवर लगदा होतो, खडे सावकाश पाणी ओढत राहतात. तारली नळाखाली धुवायची नाही, बंदरावरून कॅनमध्ये आणलेल्या समुद्राच्या पाण्यात एकदा खळबळायची आणि वर्तमानपत्रावर निथळवायची. मग भोकाच्या टोपलीत मीठ, तारली, मीठ, तारली असे थर. किलोला पाव किलो मीठ मला पुरतं. टोपलीखाली परात ठेवून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी परातीत लालसर पाणी साचलेलं असतं आणि मासळी चामड्यासारखी चिवट झालेली असते. खडे झटकायचे आणि एका संध्याकाळी संपतील इतक्याच तारल्या एका पिशवीत घालायच्या. उघडलेली पिशवी परत साठवायच्या फंदात पडू नका.

याचा आणखी एक फायदा आहे, तो मला फार आवडतो. मिठाने भरलेलं पाणी पुरतं गोठायला उणे २१ अंश लागतात आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८च्या आसपास असतं. त्यामुळे खारवलेली तारली दगड होत नाही. पिशवी कापली की सुरी लगेच चालते, जेटीवर बसून बर्फ वितळायची वाट बघावी लागत नाही.

मग मीठ लावून डब्यात ठेवली तर मशीन कशाला हवं? तेलासाठी. तारली तेलकट मासळी, आणि मिठाने तेलाचं काही भलं होत नाही. डब्यात हवा असते, ती लागून तेल खवट होतं. पोटाकडे पिवळट डाग पडतात आणि वास नाकात जातो. माझ्या फ्रीजसारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज असेल तर आतलं तापमान वरखाली होत राहतं आणि मासळी कडेने वाळते ती वेगळीच. हवा काढलेल्या पिशवीतली मेमधली तारली मी जुलैच्या शेवटी उघडली तेव्हा पाठ निळसर आणि पोट चंदेरीच होतं. डब्यातली त्याच्या बरीच आधी मांजरांना गेली. मशीनचे पैसे वसूल होतात ते इथे.

माकूल न खारवता, साध्या पिशवीत घट्ट गुंडाळून गोठवलं तरी गळावर छान राहतं. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा हवा ओढताना हमखास पिशवी फोडतो. डोकी काढा किंवा मीठ लावून डब्यातच ठेवा. मांदेली मिठानेही विशेष सुधारत नाही. फारच मऊ वाटली तर शिवणकामाच्या दोऱ्याने गळाला गुंडाळावी.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तळाशी टाकलेल्या खारवलेल्या तारलीला शिंगटी येते, वाम येते, रात्री नशीब असेल तर तांबोशी. जिताड्यासाठी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून जिवंत बोयटंच धरावीत. तो हलणाऱ्या भक्ष्यावर झेपावणारा मासा, फ्रीजरमधल्या मालावर त्याच्यामागे लागणं म्हणजे रात्रीचं जागरण.

एक गोष्ट या मशीनच्या जाहिरातीत सापडणार नाही. हवा काढली म्हणजे जंतू मेले असं नाही. बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू तर हवा नसलेल्या जागीच वाढतो. त्यामुळे बंद पिशवी फ्रीजबाहेर ठेवायची नाही, जेटीवर नेतानाही बर्फाच्या डब्यात न्यायची. उरलेलं आमिष कालवणात घालायचा विचार तर अजिबात नको. माझ्या पिशव्यांवर मार्करने ठळक 'गळाची' लिहिलेलं असतं, कारण आमच्याकडे पाहुणे थेट फ्रीजर उघडतात. कुणी सांगतं की फॉर्मालिनमध्ये ठेवली की वर्षभर टिकते. २०१८मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मालिनवरून केवढा गदारोळ झाला होता! कर्करोग करणारं रसायन आहे ते. आमिष म्हणूनही घरात आणू नका.

घरच्यांचं मत विचाराल तर आईला मशीन माझ्यापेक्षा जास्त आवडलंय. सुक्या बोंबलांचा वास कपाटभर पसरायचा, तो थांबला. तिने तिच्या पिशव्यांचा वेगळा गठ्ठा केला आहे आणि माझी मासळी झाल्यावर मशीन साबणाच्या फडक्याने पुसल्याशिवाय ती हात लावत नाही. बरोबरच आहे.

तक्रारी दोन. पाच-सहा पिशव्या लागोपाठ केल्या की तार इतकी तापते की चिकटवायच्या ऐवजी प्लॅस्टिक वितळवते. मध्ये दहा मिनिटं थांबावं लागतं, म्हणजे दोन किलो तारलीला अख्खी सकाळ जाते. आणि मिठाच्या हाताने झाकण दाबत राहिल्याने स्पंजाची पट्टी वर्षाच्या आत चिरली. पट्टी सुटी मिळते का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारा. माझ्या विक्रेत्याने नवीन मशीनची लिंक पाठवली.